नळीतलं दूध

बर्फाच्या दिवसांत नारीनच्या इस्पितळात
माझी खिडकी दहाशिवाय उघडत नाही.
तोवर मी यंत्र फिरवते.
नळीच्या तळाशी लाल बसतं, वर फिकट पिवळं पाणी.
बावीस वर्षं हेच बघते आहे.
चांगलं पाणी कोऱ्या चहासारखं,
पलीकडचं बोट दिसावं असं.

बुरुलकान एजेच्या नळीतून बोट दिसलं नाही.
वर गढूळ, पांढरट,
ताकाचं भांडं विसळल्यासारखं.
कोलेस्टेरॉल नऊ पूर्णांक चार.
आकड्याखाली मी नियमाप्रमाणे लाल रेघ मारली.

डॉक्टर एसेनबायनी रेघ पाहिली,
बाईकडे पाहिलं नाही.
मेंढीची चरबी बंद. साय बंद. लोणी बंद.
आणि रात्री एक गोळी.

तिनं पाळलं.
सुनेनं, नुरजामालनं, मला नंतर सांगितलं,
नातवाच्या बारशाला सगळं गाव बेशबरमाक खात होतं
आणि ही कोपऱ्यात उकडलेला बटाटा सोलत होती.
कुणीतरी म्हणालं, चोरून खात असणार,
नाहीतर अंग असं सुजेल कशाला?
ती काही बोलली नाही.
बोलायलाही तिला आताशा वेळ लागायचा.

वसंतात पुन्हा नळी. पुन्हा तेच दूध.
आकडा नऊ पूर्णांक एक.
"गोळीनं पिंढऱ्या दुखतात," ती म्हणाली,
आवाज खरखरीत, थंडीत दार उघडताना बिजागरी करते तसा.
सुई टोचायला मी हात धरला.
एप्रिल होता, शेगडी पेटलेली होती,
आणि तिचा हात नदीतल्या गोट्यासारखा गार.
मग भुवया दिसल्या. बाहेरच्या टोकाला झडलेल्या.
मग नाडी. मिनिटाला पन्नास.
माझा हात थांबला.

डॉक्टरांना शिकवणं माझं काम नव्हे.
तरी मी उरलेल्या रक्ताची एक कुपी
बिश्केकला जाणाऱ्या गाडीत ठेवली,
ड्रायव्हरला म्हटलं, खिशात नको, बर्फात ठेव.
चिठ्ठीवर लिहिलं : थायरॉइड बघा.

दहा दिवसांनी कागद आला.
गळ्यातली ग्रंथी जवळजवळ झोपलेली,
मेंदू तिला हाका मारून मारून दमलेला.

मी नुरजामालला असं सांगितलं :
संध्याकाळी मेंढ्या डोंगरावरून उतरतात,
वाड्याचं फाटक कुणीतरी उघडावं लागतं ना?
तो उघडणारा झोपला, तर कळप गल्लीतच तुंबणार.
रक्तातली चरबी म्हणजे तो कळप,
यकृत म्हणजे वाडा.
आपण वर्षभर मेंढ्या कमी करत बसलो,
झोपलेल्याला कुणी हलवलंच नाही.
चोर सोडून संन्याशाला फाशी.
ती हसली नाही. म्हणाली,
"मी तिला आळशी म्हणायचे. तोंडावर."

नवी गोळी मसुराएवढीही नाही.
पहाटे, उपाशी पोटी, चहाच्या अर्धा तास आधी.
एसेनबायनीच लिहून दिली, हे मान्य करायला हवं,
मान खाली घालून, दोनदा तपासून.
जून, जुलै. ऑगस्टमध्ये सहा पूर्णांक दोन.
मी नळी खिडकीकडे धरली,
पलीकडे माझं बोट, नखावरचा डागसुद्धा.
एजे यंत्राशेजारी उभी होती.
"हे माझं?" तिनं विचारलं,
जरा पटकन.

तिच्यापाशी बोलले नाही ते इथे लिहिते.
माझी थोरली बहीण आनारकुल
उन्हाळ्यातही लोकरी शाल घ्यायची.
चाळिशीतच पायऱ्या चढताना मध्येच बसायची,
आणि आई म्हणायची, हिला लहानपणापासूनच कामाचा कंटाळा.
मीही म्हणायचे.
तिचं हृदय एका सकाळी गोठ्यात थांबलं,
बादली हातात होती, दूध सांडलेलं.

तिचं रक्त कुणी काढलं नाही.
मी तेव्हा या खिडकीत नुकती लागले होते.
हात मात्र धरला होता कितीदा,
आणि गार आहे म्हणून
माझा सोडवून घेतला होता.